छप्पर अडीच फूट वर गेलं तेव्हा

राजापूर तालुक्यातलं आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि माजघराला लागून बाळंतिणीची खोली. तिला खिडकी नाहीच, वीतभर झरोका. माजघरावरचा लाकडी माळा इतका खाली, की दीर हात वर न ताणता तुळईवरची हळकुंडांची पिशवी काढायचे. भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडायचे. त्यात दीर-जाऊ मुंबई सोडून कायमचे गावी आले, जावेला दिवस गेले, आणि सात माणसांच्या घरात आठवं कुठे निजवायचं हा प्रश्न उभा राहिला.

आधी कागद. नमुना 8, म्हणजे ग्रामपंचायतीतली घराची नोंद, त्याच्या उताऱ्यावर दोन चुलत सासऱ्यांची नावं होती. त्यांच्या संमतीच्या सह्या मिळेस्तोवर अख्खा पावसाळा गेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, गणपतीला सगळे एकत्र जेवायला बसतो. तुळशीचं लग्न झालं आणि कौलं उतरायला घेतली.

मला वाटलेलं, भिंती वाढवायच्या आणि छप्पर परत ठेवायचं, एवढंच. गवंडीमामांनी खिळ्याने सांधा खरवडला. भुरुभुरु माती. चिरे मातीत बसवलेले, चुना नुसता वरून. "वहिनी, ह्याच्यावर तसेच थर चढवलेत तर भिंत पोट काढील." म्हणून आधी चारी भिंतींवरून सळया घालून काँक्रीटची सलग पट्टी, मग चिऱ्याचे चार थर. अडीच फूट उंची मिळाली. पट्टीचा खर्च ऐकून आमचे हे दोन दिवस गप्प होते, पण तिथे काटकसर करू नका.

कौलांवर 'बासेल मिशन' आणि 1865 असा ठसा आहे. मुलं शाळेत सांगून आली, आमचं घर 1865 चं! ते साल बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाला त्याचं. घर त्या मानाने कालचं. उतरवताना बरीच कौलं फुटली. नवी आणली तर खाचा एकमेकींत बसेनात, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा निराळा. शेवटी शेजारच्या गावात एक पडकं घर उतरवत होते, तिथून त्याच ठशाची टेंपोभर आणली.

माळा अर्धाच ठेवला. त्याच फणसाच्या तुळया नव्या उंचीवर बसवल्या. उरलेल्या अर्ध्यावर छप्पर उघडं, त्यात चार काचेची कौलं. बाळंतिणीच्या खोलीवर दोन, आणि झरोक्याच्या जागी खिडकी. एप्रिलमध्ये उघड्या भागाखाली चांगलंच तापतं. माळा उगाच नव्हता हे तेव्हा कळलं. पण सकाळी त्या खोलीत कवडसा पडतो आणि सासूबाई बाळाचं दुपटं त्याच्या मागोमाग सरकवत बसतात.

चुकलं ते वळचणीत. जुनी वळचण एवढी खाली होती, की ओटीवर चढताना वाकावंच लागे. पाहुणे हमखास डोकं आपटायचे. छपरासोबत तीही वर गेली, आणि मृगाच्या पहिल्याच सरीत पाऊस थेट झोपाळ्यापर्यंत आत. पावसाळाभर ताडपत्री फडफडत होती. आता पुढे उतरती पडवी काढतोय. सुतार म्हणाला, "पुन्हा वाकायला लागेल हां."

लागू दे.