डेक्साच्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहून घ्या: आईच्या ठिसूळ हाडांचा अनुभव

घरातल्या कोणाला डेक्सा स्कॅनसाठी, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीला, नेणार असाल, तर चिठ्ठीवर 'कमरेचे मणके' आणि 'खुबा' असं स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय डॉक्टरांसमोरून उठू नका. आमच्या चिठ्ठीवर नुसतं 'डेक्सा' होतं. त्यापायी दुखऱ्या पाठीच्या माझ्या आईची जी फरफट झाली, तिचा राग अजून गेलेला नाही.

आई ६८ वर्षांची, नागपुरात महाल भागात राहते. अंगणात पाय घसरून तिचं मनगट मोडलं, प्लास्टर झालं, हाड जुळलं आणि विषय तिथंच मिटला. पन्नाशीनंतर नुसत्या उभ्या उभ्या पडून हाड मोडलं, तर ती ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, खूण असू शकते आणि हाडांची तपासणी तेव्हाच व्हायला हवी, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. पुढे पाठ धरली. "वय झालं, दुखणारच ना बाई," म्हणत ती बाम चोळत राहिली. मला शंका आली ती तिच्या साडीवरून. निऱ्या नेहमीसारख्याच, पण काठ जमिनीवर लोळायला लागले होते, फॉल घासून फाटला होता. आईची उंचीच कमी झाली होती. धंतोलीतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी बाजूने एक्स-रे काढला, तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढून दबलेला दिसला. दरम्यान ती कुठे पडलीही नव्हती. मणक्यांची बरीच फ्रॅक्चर अशी न कळत होतात आणि पाठदुखी म्हणून अंगावर काढली जातात.

त्यांनी चिठ्ठीवर 'डेक्सा' लिहून दिलं. मग ते सेंटर. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सिंगल करायचं की होल बॉडी?" फरक विचारला तर म्हणाली, "होल बॉडी करा ना ताई, सगळंच येऊन जाते त्यात." जास्त पैसे भरून तेच केलं. रिपोर्ट छान रंगीत आला, त्यावर अख्खा सांगाडा आणि खाली एकच टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती, ते सांगणारा आकडा), उणे १.४. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये म्हणजे हाडं थोडी विरळ, आजार नाही. आईला तर हायसंच वाटलं.

रामदासपेठेतल्या हार्मोनतज्ज्ञांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. होल बॉडीच्या आकड्यावर ऑस्टिओपोरोसिसचं निदान करत नाहीत. त्यासाठी कमरेचे मणके आणि खुबा वेगवेगळे मोजावे लागतात. तिथला आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस. दबलेल्या मणक्यामुळे निदान तसंही झालंच होतं, पण औषधाचा उपयोग पुढे मोजायचा तर सुरुवातीचा आकडा नीट हवाच, असं त्या म्हणाल्या.

परत सेंटरवर. "आधीच्या चिठ्ठीवर फक्त डेक्सा लिहून आहे, आम्ही काय करणार?" पैसे पुन्हा भरा, नंबर पुन्हा लावा. मे महिन्याचं ऊन, लोखंडी बाक, आणि आईला टेकून बसलं तरी कळ, उभं राहिलं तरी कळ. नंबर आला तेव्हा मणके घेतले आणि म्हणाले, खुब्याचे वेगळे पैसे. हार्मोनतज्ज्ञांच्या नव्या चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेलं मी बोट ठेवून दाखवलं. साहेब जेवायला गेलेत, थांबा. ते आले ते "मणक्यावरून समजते ना सगळं" म्हणतच. नाही समजत! आईच्या मणक्यांचा टी-स्कोअर आला उणे १.९. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाड वाढतं, दबलेला मणका मशीनला उलट जास्त घट्ट दिसतो, आणि आकडा आहे त्यापेक्षा बरा येतो. तेवढ्यावर थांबलो असतो तर रिपोर्टवर आजार नाही असंच राहिलं असतं.

मी आईला उठवलं आणि दुसरीकडे नेलं. तिथल्या टेक्निशियनने आधी विचारलं, कुठला मणका दबलाय? कालपासून कॅल्शियमची गोळी घेतली का? पाय चौकोनी फोमवर ठेवून मणके घेतले, दबलेला मणका हिशेबातून वगळला. मग पाऊल आत वळवून पट्ट्याने बांधलं आणि खुबा घेतला. सगळं थोड्या वेळात, न दुखता. खुब्याचा आकडा उणे २.९. इतकं सोपं काम होतं ते.

हो, मणका दबलेल्या माणसाला स्कूटीवर मागे बसवून नेऊ नका. ऑटोतही सावकाश चालवायला सांगा, एकेका गतिरोधकाला आईचा जीव जात होता. आणि शिबिरांत टाचेवर मशीन लावून सांगतात, त्यावर निदान होत नाही.

पुढचं सुरळीत झालं. रक्तात कॅल्शियम, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, पॅराथायरॉइड तपासलं. जुन्या औषधांची पिशवीच सोबत न्या. स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्या असतील तर त्यानेही हाडं झिजतात आणि डॉक्टर ते विचारतातच. आईचं ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आपल्याकडे एवढं ऊन, पण उन्हाळाभर ती घराबाहेर पडतच नाही. आधी ते भरून काढलं, दात दाखवून घेतले, मग झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं, वर्षातून एकदा द्यायचं सलाइन दिलं. त्या रात्री ताप आणि अंगदुखी झाली. पहिल्या वेळी होते हे आधीच सांगितलं होतं, पॅरासिटामॉलने उतरलं. याच कामाची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आईला ॲसिडिटीमुळे चालली नसती. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. शेजारच्या काकूंना हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन आहे. ते मनाने बंद करू नका, लांबवू नका. थांबवलं की हाडं झपाट्याने झिजतात आणि मणके मोडू शकतात.

पुढचा डेक्सा त्याच मशीनवर करायचा, नाहीतर आकड्यांची तुलना नीट होत नाही. म्हणून दुसऱ्या सेंटरचं आणि मशीनचं नाव मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.