जुनी २८ एमएम लेन्स घ्यावी का? माझा अनुभव, आणि कुरिअरनं खाल्लेले सहा दिवस

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला मोबाईलवर मेसेज आला: 'आपले पार्सल पोहोचते झाले आहे.' मी तेव्हा खळ्यावर होतो, धानाची चुरणी सुरू होती, आणि पार्सल माझ्यापर्यंत आलेलं नव्हतं. घरी फोन लावला. माय म्हणाली, "कोणी नाई आलं बाबू, मी सकाळपासून दारातच बसून हावो."

त्या खोक्यात माझी एकवीस हजारांची जुनी लेन्स होती. विकणाऱ्याची अट होती की लेन्स पटली नाही तर सात दिवसांत परत, आणि हे सात दिवस कुरिअरच्या नोंदीत पार्सल पोहोचल्याच्या तारखेपासून धरणार. म्हणजे पार्सल न मिळताच माझी मुदत सुरू झाली होती.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातला. लग्नाचे फोटो काढून घर चालतं, पण जीव रमतो तो झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांबरोबर (बैलांच्या शर्यती) आमच्याकडे नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशाहून नाटक कंपनी येते, रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत मंडप हलत नाही. मला जो फोटो हवा असतो तो रंगमंचाच्या कडेनं काढावा लागतो: पुढं गाणारी बाई आणि तिच्या पाठीमागं चादरी पांघरून बसलेले दोन हजार लोक, एकाच चौकटीत. त्यासाठी लेन्स वाईड, म्हणजे रुंद दृश्य मावणारी हवी आणि उजेड ओढणारी हवी. माझी २४-१२० झूम एफ/४ ची आहे (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). तिथल्या लाईटवर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ६४०० ला शटर १/६० सेकंदाच्या वर जात नाही, आणि नाचणाऱ्या माणसाला १/६० पुरत नाही. एफ/२ म्हणजे चौपट उजेड, तेवढ्याच आयएसओला १/२५०. सगळा हिशेब एवढाच होता.

ऑटोफोकसची २८ एमएम एफ/१.८ पाहिली होती. वापरलेलीसुद्धा दहा-बारा हजारांनी महाग पडत होती. म्हणून निकॉनची निक्कोर २८ एमएम एफ/२, एआय (जुन्या लेन्सचा एक प्रकार, त्याबद्दल पुढं), हातानं फोकस करायची, ही ठरवली. विकणाऱ्याकडून फोटो मागवणं, भाव करणं, यात काही अडलं नाही.

अडलं ते कुरिअरच्या ऑफिसात.

बुधवारी वडशाला गेलो. काउंटरवरच्या मुलानं नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. "भाऊ, सिस्टममध्ये डिलिव्हर दाखवून रायलं. आता आमच्या हातात काही नाई." कोणाला दिलं ते दाखवा म्हटलं तर "ते उद्या निघन". तक्रार लिहून घ्या म्हटलं तर ज्यानं पार्सल पाठवलं त्यानंच तक्रार टाकायची असते म्हणे. गुरुवारी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पार्सल पोहोचल्याचं दिसतंय, तक्रार घेणाऱ्यानं करायची. मी मुदत वाढवून मागितली. "सिस्टममध्ये तारीख मंगळवारची आहे," एवढंच उत्तर. दोघंही मला सिस्टम दाखवत होते आणि खोकं कुठं आहे हे दोघांपैकी एकालाही शोधायचं नव्हतं.

शुक्रवारी परत वडसा. या खेपेला सहीचा कागद निघाला. घेणाऱ्याच्या नावापुढं 'स्वतः' असं लिहिलेलं आणि खाली एक आडवी रेघ. मी खिशातून पॅन कार्ड काढून माझी सही त्या रेघेशेजारी धरली. मुलानं दोन्ही पाहिलं, मान हलवली, आणि साहेब सोमवारी येतील म्हणाला. शनिवारी हेल्पलाईनवर बावीस मिनिटं गाणं ऐकून फोन कटला. रविवारी ऑफिस बंद. चुरणीचे दिवस, मजूर लावलेले, आणि मी पेट्रोल जाळत फिरत होतो. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

सोमवारी साहेब आलेच नाहीत. बाहेर पोती उतरवणारे एक काकाजी होते. दोन-तीन दिवस मला येता-जाता पाहत होते. त्यांनी गावाचं नाव विचारलं आणि म्हणाले, "ह्या नावाचं गाव नदीपलीकडं ब्रह्मपुरी तालुक्यात बी हाय जी. त्या थैलीत गेलं असन." वैनगंगेचा पूल ओलांडून त्या गावात गेलो. चौकातल्या किराणा दुकानात, तेलाच्या पिप्याशेजारी, माझं खोकं ठेवलेलं होतं. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. दुकानदार भला माणूस. पोरगा 'तुमच्या गावचंच हाय' म्हणून टाकून गेला, असं त्यानं सांगितलं. फोन करावा तर लेबलवर माझ्या नंबरचे शेवटचे चार आकडे सोडून सगळ्या फुल्या. काउंटरवर सहा दिवसांत कोणाला जे सुचलं नाही ते काकाजींना एका मिनिटात सुचलं.

तेव्हा पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. सात दिवस प्रत्यक्ष हातात पडल्यापासून मोजायचे, आणि खोक्यावर मार्करनं पूर्ण मोबाईल नंबर, तालुका आणि पिनकोड लिहायचा. खेड्यात राहत असाल तर स्पीड पोस्टच मागा. आमचा पोस्टमन मला माझ्या बापाच्या नावानं ओळखतो.

सोमवारी दुपारी एक वाजता लेन्स हातात आली. मंगळवारी मुदत संपणार होती. खोकं फोडताना दुकानातच व्हिडिओ काढला. सील, नंबर, लेन्स, सगळं न थांबता एका सलग शॉटमध्ये. हे कोणीही करावं.

मग तिथंच बाकावर बसून तपासणी. मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून लावायचा आणि पुढून तिरकं पाहायचं. बुरशी असली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, धूसर थर असला तर काचेवर श्वास सोडल्यासारखं दिसतं. आमच्या धानपट्ट्यात पावसाळा असा दमट असतो की माझ्या स्वतःच्या दोन लेन्स बुरशीनं गेल्या, म्हणून ही भीती मोठी. आत धुळीचे चार कण होते, ते फोटोत येत नाहीत. अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी, पाती कोरडी होती, मागचा खटका दाबून सोडला की चटकन मिटत होती. पात्यांवर तेल चढलं की ती आळसावतात, मग एफ/८ वर काढलेला फोटो जास्त उजेडाचा येतो. फोकसची रिंग थोडी जड, पण सगळीकडं सारखी जड. कुठं अडकली असती तर परत केली असती.

हे विसरायच्या आत लिहितो: निकॉनची जुनी लेन्स घेताना ती एआय आहे ना, ते पाहा. १९७७ पासूनच्या या पद्धतीत अ‍ॅपर्चरच्या आकड्यांखाली लहान आकड्यांची दुसरी ओळ असते. त्याआधीची, न बदललेली लेन्स माझ्या डी७५० कॅमेऱ्यावर बसवली तर कॅमेऱ्याचा खटका मोडू शकतो. आणि डी३५०० किंवा डी५६०० असेल तर एआय लेन्स बसेल, पण उजेड मोजणारं मीटर चालणार नाही. डी७५० मध्ये मेनूत २८ आणि एफ/२ असं एकदा भरलं की मीटर चालतं, फोकस बरोबर झाला की व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपकाही लागतो.

परतताना वडशात राईस मिलच्या लांबलचक विटांच्या भिंतीसमोर थांबलो. कॅमेरा भिंतीला समांतर धरून एफ/२, २.८, ४ आणि ८ ला फोटो. चारही कोपऱ्यांतल्या विटांच्या सांध्या मोठ्या करून पाहायच्या. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे, ती लेन्स कितीही स्वस्त असो, घेऊ नये. माझ्या लेन्सचे चारही कोपरे एफ/२ ला सारखेच मऊ होते आणि एफ/४ ला सांध्यांमधलं सिमेंट दिसत होतं. हे चालतं.

खरी परीक्षा रात्री होती. शेजारच्या गावात नाटक होतं, मॅनेजर ओळखीचा. अंधारात हातानं फोकस कसा जमेल, याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. उपाय असा केला की रिंग ३ मीटरवर ठेवली आणि चिकटपट्टी लावली. २८ एमएम एफ/२ ला ढोबळ हिशेबानं अडीच ते पावणेचार मीटरमधलं सगळं फोकसमध्ये येतं. मग मीच पावलं पुढं-मागं करत होतो. दिव्यांची टोकं कोपऱ्यात पंख फुटल्यासारखी पसरली, काळ्या पडद्यावर थोडी झळ आली. पण दुसऱ्या अंकात गाणारी बाई पदर फेकत वळली तेव्हा १/२५० वर पदराची किनार गोठली, तिच्या घामाचा थेंब दिसला, आणि मागं पहिल्या रांगेत चादरीतून फक्त डोळे काढून बसलेली एक म्हातारी सुद्धा ओळखू येत होती. असा फोटो मला सात वर्षांत मिळाला नव्हता.

लेन्स ठेवली. लग्नासाठी मात्र घेऊ नका. वरमाला पडताना फोकस फिरवत बसायला वेळ नसतो. दिवसा शेतशिवाराचे फोटो काढणाऱ्यानं तर एफ/२ साठी पैसेच घालू नयेत, जुनी २८ एमएम एफ/२.८ बरीच कमी किमतीत मिळते आणि एफ/८ ला दोघींत फरक शोधावा लागतो. ही लेन्स रात्री माणसांच्या जवळ उभं राहून काम करणाऱ्याची आहे. आता ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो.

शेवटी नोंदवून घेतलेल्या माझ्या तक्रारीवर पुढच्या गुरुवारी कुरिअरचा मेसेज आला: 'पार्सल मंगळवारी १२.१५ वाजता स्वतः ग्राहकास दिले असल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.' मी सहीचा फोटो, पॅन कार्डावरची सही आणि दुकानातला व्हिडिओ जोडून ती परत उघडायला लावली आहे.