तीन सायकलींचं कॅरियर आणि चौथी सायकल

दापोलीला जायचं होतं: चार माणसं, चार सायकली, एक छोटी एसयूव्ही. गिऱ्हाईक कॅरियर ऑनलाइन मागवूनच दुकानात आलं. डिकीच्या दरवाजाला पट्ट्यांनी लटकवायचं कॅरियर, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘३ सायकली’. "दादा, चौथी कशीतरी अॅडजस्ट करून द्या," एवढीच मागणी.

खोक्यावर सायकली मोजलेल्या असतात, गाडीला मात्र किलो कळतात. त्यामुळे आधी चारही सायकली हुकाच्या काट्याला टांगल्या. एमटीबी, म्हणजे डोंगरातली दणकट सायकल, १५.८ किलो, हायब्रिड १३.६, कार्बन फ्रेमची रोडबाइक ८.७ आणि गिऱ्हाइकाच्या आईंची मोटरवाली ई-बाइक २२.४. एकूण साडेसाठ. त्याच खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं: एका सायकलीला कमाल १५ किलो, एकूण ४५. म्हणजे चौथीची गोष्ट सोडाच, त्यातल्या दोन सायकली एकेकट्यासुद्धा बसत नव्हत्या.

त्यात आईंची सायकल म्हणजे बिनदांडीची. पट्ट्यांच्या कॅरियरवर सायकल दांडीवर तोलली जाते, दांडी नसली तर हँडलच्या स्टेमपासून सीटपोस्टपर्यंत एक खोटी दांडी लावावी लागते. तिची वजनाची मर्यादा वेगळी असते आणि ती कुणी वाचत नाही. दुसरं टोक रोडबाइकचं. कार्बनच्या नळीला चिमटा आवळायचा नाही, नळी आतून चिरते आणि वरून रंग अगदी शाबूत दिसतो. तिला एक तर चाकांवर धरणारं कॅरियर हवं, नाही तर ती गाडीच्या आत हवी.

मग टपाचा विचार. "वर रेलिंग आहे ना, शोरूमवाले म्हणाले सामान ठेवा." चंदेरी रेलिंग दिसत होतं खरं. एका टोकाला बोटं घालून हलकं उचललं तर ते क्लिपांवर हललं. निव्वळ शोभेचं! गाडी विकणाऱ्याला यातला फरक माहीत नसेल असं मला वाटत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांवर असं रेलिंग येतं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत टपावर किती किलो चालतात हे लिहिलेलं असतं, पण तिचं प्लॅस्टिकचं पाकीट सहसा फोडलेलंच नसतं. हिचंही नव्हतं. आत आकडा ५० किलोचा, आणि त्या पन्नासात आडव्या बारांचं नि कॅरियरचं वजनही धरायचं.

हिशोब असा. दाराच्या चौकटीला पकडणारे पाय धरून दोन बार साडेपाच किलो, प्रत्येक सायकलीचा ट्रे ४.२ किलो. एमटीबी आणि हायब्रिड चढवली की ४३.३ झाले. तिसरा ट्रे आणि रोडबाइक घातली की ५६.२. सहा किलोंनी काय होतंय, असं सगळेच विचारतात. उभ्या गाडीला काही होत नाही. पण ही मर्यादा चालत्या गाडीची आहे, आणि ताम्हिणीच्या वळणावर तेच वजन जमिनीपासून दोन मीटरवर बाजूला ओढ घेतं. बाजारात ट्रे चार मिळतात आणि बारावर मावतातही, म्हणून लोक चार लावतात.

टो-हुक, म्हणजे ट्रेलर ओढायला गाडीमागे लावतात तो हुक, त्यावरचं प्लॅटफॉर्म कॅरियर हा ई-बाइकसाठी खरा उपाय. सायकल गुडघ्याएवढीच उचलायची, वजन चाकांवर, चिमट्याचं काम फक्त तोल सांभाळायचं. पण त्याला कंपनीने मंजूर केलेला हुक आणि त्यावर उभा भार किती चालतो त्याचा आकडा लागतो. या गाडीच्या पुस्तिकेत टोइंगचं पानच नव्हतं. बाहेर वेल्डिंगवाल्याकडून बम्परमागे पाइप जोडून घेणारे आहेत, मी त्यात पडत नाही. शिवाय नंबरप्लेट. युरोपात अशा कॅरियरवर दिव्यांची पट्टी आणि जादा नंबरप्लेट लावायची सोय असते. आपल्याकडे एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीची प्लेट स्नॅप लॉकने, म्हणजे तोडल्याशिवाय न निघणाऱ्या खिळ्यांनी, ठोकलेली, काढून मागे लावता येत नाही, आणि झाकली तर पोलीस थांबवणार. कॅरियर विकणाऱ्या वेबसाइट हे सहसा सांगत नाहीत. जिमनी किंवा थारसारख्या गाडीला मागे स्टेपनी असते, तिथे स्टेपनीवर बसणारं कॅरियर चालतं, पण वजन शेवटी दाराच्या बिजागरीवरच.

शेवटी ठरलं ते असं. एमटीबी आणि हायब्रिड टपावर. रोडबाइक आत: मागच्या सीटचा छोटा, चाळीस टक्क्यांचा भाग पाडायचा, दोन्ही चाकं आणि सीटपोस्ट काढायचे, हँडल वळवायचं, चेन वर ठेवून जुन्या चादरीत गुंडाळायचं. डिस्क ब्रेक असल्याने कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यात, प्लॅस्टिकचा तुकडा अडकवायचा. वाटेत ब्रेकचा दांडा चुकून दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि दापोलीत चाक बसत नाही.

टपावरच्या दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना केली, नाही तर हँडल हँडलला भिडतं. बारांच्या पायांचे बोल्ट चावी टक् वाजेपर्यंतच आवळले, त्यापुढे पत्रा दबतो. पंप, बाटल्या, पिशव्या, दिवे सगळं उतरवलं. चाकांच्या पट्ट्या स्पोकमधून नव्हे, रिमवरून घेतल्या, उरलेली टोकं आत खोचली. सुटलेला पट्टा शंभराच्या वेगाला रंग खरवडतो. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा आवळायचं, कारण पट्टे पहिल्यांदा ताणले की थोडे सैल पडतात. उंची मोजली, २.८ मीटर. कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली. बेसमेंट पार्किंगमध्ये सायकली चेपतात त्या माहीत नसल्याने नाही, विसरल्याने. कोकणात त्यात भर म्हणजे आंब्या-फणसाच्या फांद्या आणि गल्लीतल्या लोंबत्या केबली.

राहिली आईंची ई-बाइक. म्हणजे जिच्यासाठी ही सहल ठरली होती तीच. गुडघे दुखतात म्हणून मोटरची सायकल घेतलेली, हर्णैच्या रस्त्याला चालवायची म्हणून. बॅटरी काढली तर १९.६ किलो. टपावरच्या मर्यादेत आता जागा नव्हती, आणि वीस किलो खांद्याच्या वर उचलणं हे रोजचं काम नाही.

तेव्हा त्या साहेबांनी जो प्रश्न विचारला तो अजून डोक्यातून जात नाही. "एकूण ४५ चालतात ना? मग फक्त आईची एकच लावा, सगळ्यात आतल्या खाचेत." प्रश्न बरोबर होता. कॅरियरवर सायकली ठेवायच्या तीन खाचा काचेपासून अंदाजे २५, ४३ आणि ६० सेंटिमीटरवर. पंधरा-पंधरा किलोच्या तीन सायकली लावल्या तर वजन गुणिले अंतर अशी १९२० किलो-सेंटिमीटर ओढ, आणि ही एकटी लावली तर ४९०. वरच्या हुकांवर आणि डिकीच्या पत्र्यावर भार जेमतेम पाव. अडतं ते खाचेच्या रबरावर आणि खोट्या दांडीवर, आणि त्यांचीच मर्यादा पंधरा. शिवाय हे कॅरियर कुठल्या गाड्यांना बसतं त्या कंपनीच्या यादीत त्यांची गाडी नव्हती. यादी परदेशी गाड्यांची, त्यामुळे नाव नाही म्हणजे चालत नाही असं नव्हे, पण चालतं असंही नव्हे.

मी लावून दिलं नाही. ई-बाइक उभी करून, गोधड्या घालून, एका छोट्या हत्तीतून दापोलीला गेली. भाडं कॅरियरच्या किमतीच्या जवळपास गेलं आणि त्याबद्दल ते नाराज होते, ते मला समजतं.

नंतर कॅरियरच्या आयातदाराला मी मेल टाकला: १५ किलोंची मर्यादा खाचेची, दांडीची की मागच्या-पुढच्या झोल्याची, आणि आतल्या खाचेत एकच १९.६ किलोची सायकल चालेल का? खाचांची अंतरंही लिहिली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "नमस्कार, या कॅरियरवर तीन सायकली बसतात."