शेवाळी की पिस्ता? आधी खोलीचा उजेड बघा

शेड कार्डावरचा तुकडा बोटभर, भिंत दहा फुटी. कार्डावर सौम्य वाटलेला हिरवा भिंतीवर भडक होतो, म्हणून पसंत पडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत गल्लीतून येईल तेवढाच उजेड. तिथे पिस्ता लावा. त्यात पांढरा भरपूर, म्हणून खोली उजळते. शेवाळीत काळं आणि पिवळ्या मातीचं रंगद्रव्य असतं. अशा मंद उजेडात तो चिखलासारखा मळकट दिसतो. पश्चिमेच्या खोलीत नेमकं उलटं. दुपारी तीननंतर पिस्त्यावर पिवळं ऊन पडलं की तो लिंबाकडे झुकतो, रात्री ३००० केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्यात आणखीनच. शेवाळी तिथे छान मुरतो, आणि माझ्या मते त्याच्यासारखा शांत हिरवा दुसरा नाही.

नमुना लावायचा तर एका भिंतीवर नको. खिडकीसमोर एक आणि खिडकीच्याच भिंतीवर एक, दोन फूट बाय दोन फुटांचे, प्रायमरवर दोन हात. ओला रंग बघून ठरवू नका. इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग) वाळल्यावर गडद होतं. सकाळी, चार वाजता आणि दिवे लावून, असं तिन्ही वेळा बघा.

१० बाय १२ ची खोली, उंची १० फूट: दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३८० चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे १२० ते १४० चौरस फूट धरले तर तीन लिटर लागतात. चार लिटरचा डबा घ्या, उरलेला टच-अपला ठेवा. दोन डबे लागत असतील तर ते एका बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर भिंतीच्या मधोमध शेड बदललेली दिसते. शेवाळीला बहुधा तिसरा हात लागतो, ते आधीच धरून चाला.

गडद रंगाला कडेचा पट्टा फार दिसतो. ब्रशने मारलेली कड ओली असतानाच रोलर फिरवा. खांदा घासला की शेवाळीवर चकचकीत डाग उठतो, म्हणून दाराजवळ आणि पलंगामागे धुता येणारं इमल्शनच हवं.

२०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी शिरलेल्या तळमजल्यांना अजून ओल असेल तर गडद शेड थांबवा. लोणा (ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा क्षार) फुटला की शेवाळीवर पांढरी पावडर लांबून दिसते. पिस्त्यावर ती झाकली जाते, पण पापुद्रे त्याचेही सुटतातच. आधी ओल बंद करा, प्लास्टर पूर्ण वाळू द्या, मगच पुट्टी.