सावली गायब, कुरडया हजर

परवा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शून्य सावली दिवस साजरा केला. साजरा म्हणजे काय, मे महिना, दुपारचे सव्वाबारा, अर्ध्या गच्चीवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया वाळत घातलेल्या आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही अकरा जण, त्यातली सात पोरं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं की १२:३१ ला सावली नाहीशी होणार, या बघायला, तर पहिला रिप्लाय आला "टँकर आला का?"

लोकांना हे सांगायला गेलं की ठरलेलं वाक्य येतं, "त्यात काय, रोजच बाराला सूर्य डोक्यावर असतो की." नसतो हो! पुण्यात वर्षातून दोनदाच असतो, मेच्या मध्यावर नि जुलैच्या शेवटी. सूर्याच्या वर्षभर साडेतेवीस अंश उत्तर ते साडेतेवीस अंश दक्षिण अशा येरझारा चालतात, जाता-येता तो ज्या दिवशी आपल्या गावाच्या अक्षांशावर येतो (पुणे साधारण १८.५) त्या दिवशी बरोब्बर डोक्यावर. म्हणून कोल्हापूरला ६ मेच्या आसपास, मुंबईला १५, नागपूरला पार २६. दिल्लीला कधीच नाही, हे सांगताना मला उगाच बरं वाटतं. आणि बाराला का नाही, तर आपलं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावर, तिकडे मिर्झापूरच्या बाजूला, आपण बसलोय ७४ च्या जवळ, अंशाला ४ मिनिटं धरा, अर्धा तास तिथेच गेला.

तर मी आपला स्टीलचा पेला घेऊन गेलो आणि तोंडावर पडलो. पेला वर रुंद, खाली निमुळता, त्याच्या बुडाशी सावलीचं कडं राहणारच! मग पाण्याच्या टाकीमागचा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा केला, तरी एका बाजूला बारीक काळी रेघ दिसतेच आहे, १२:२५ झाले, पोरं म्हणतायत "काका, चुकलं तुमचं." तेवढ्यात वॉचमन मामा, ते आधी गवंडीकाम करायचे, म्हणाले "अहो गच्चीला ढाळ असतो पावसाच्या पाण्याला, पाइप तिरका उभाय." खाली जाऊन ओळंबा घेऊन आले, पाइपाला लावला, खाली पुठ्ठ्याची पाचर सारली. आणि मग बघा, रेघ आक्रसत आक्रसत गेलीच, पाइपाच्या आत थेट तळापर्यंत ऊन उतरलं. पोरं स्वतःच्या पायाशी सावली शोधत उड्या मारायला लागली.

चौथ्या मजल्यावरच्या आजी जिन्याच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मोक्ष किती वाजता? आंघोळ करायची ना?" १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला त्यांनी खिडक्या लावून पोरांना घरात कोंडलं होतं, रस्ते ओस पडले होते म्हणाल्या. मी म्हटलं आजी, याला सुतकच नाही. मग आल्या बाहेर, छत्री घेऊन! छत्रीची सावली बरोब्बर त्यांच्याभोवती गोल.

मला खरं तर हेच आवडतं यातलं, सुतक नाही, चष्मा नाही आणि रांगही नाही. २००९ ला, गॅलिलिओच्या दुर्बिणीला ४०० वर्षं झाली म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष होतं, तेव्हा एका कार्यक्रमात शनी बघायला मी दीड तास रांगेत उभा होतो, वाट्याला आलं अर्धं मिनिट आणि त्या वर्षी कडी नेमकी आडवी, गोळ्यातून काडी खुपसल्यासारखी. त्या कार्यक्रमांना नावं नाही ठेवत, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना आकाश दाखवतेय, मी स्वतः तसल्या रांगांतच वाढलोय. पण दुर्बिणीपाशी आपण बघे असतो. इथे मामांच्या ओळंब्यावाचून सगळंच फसलं असतं.

पावणेएकपर्यंत सावली पूर्वेला सरकून बोटभर झाली होती, पोरं पांगली, काकूंनी कुरडया उलट्या केल्या. संध्याकाळी त्यांच्याकडे डबा द्यायला गेलो तर कॅलेंडरवर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पेनाने गोल केलेला, "सावली १२:३५?" असं लिहून, शेजारच्या चौकोनात "गॅस". जुलैत ढग असणार हे मी काही बोललो नाही.