पुढचा वेगळा, मागचा वेगळा

दोन वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला आई ज्या काट्यावर नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, रवा मोजत होती, त्याच काट्यावर मी सायकलचा टायर ठेवला. ती काही बोलली नाही, फक्त टायर उचलून खाली वर्तमानपत्र घातलं. आकडा आला 192. डब्यावर 185 लिहिलेलं. सात ग्रॅम जास्त म्हणून मी चडफडलो आणि चडफडता चडफडता तीन नेवऱ्या खाल्ल्या. त्यांचं वजन कुणी केलं नाही.

मी डिचोलीचा. 2019मध्ये पणजीत पहिली आयर्नमॅन 70.3, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशी तिहेरी शर्यत, झाली आणि तेव्हापासून आमच्या भागातही पहाटे हेल्मेट घालून निघणारे दिसायला लागले. मी त्या शर्यतीतला नव्हे, समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं नुसतं ऐकूनच मला धाप लागते. पण एक जुनी रोडबाइक स्वस्तात मिळाली, रिम ब्रेकवाली, म्हणजे चाकाच्या कडीवरच ब्रेक दाबला जातो अशी, आणि तिच्यावर पहिला खर्च केला तो टायरचा. सगळे एकच सांगत होते: फिरणारं, म्हणजे चाकांचं, वजन कमी कर. म्हणून 23 एमएमचा, पातळ, शर्यतीचा टायर. हवेचा दाब 120 पीएसआय. नोव्हेंबर ते मे मजा आली, खोटं कशाला बोलू?

जूनमध्ये पाऊस लागला आणि सहा आठवड्यांत पाच पंक्चर झाले. रस्ता तोच, काचा त्याच. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला बियरच्या बाटल्यांच्या काचा बारा महिने असतात. मग पावसातच का? ओलं रबर फार सहज कापलं जातं, पाणी काचेला वंगणासारखं काम करतं. शिवाय कडेची सगळी रेती, चिऱ्याची खडी पाणी वाहून रस्त्यावर आणतं आणि ओल्या टायरला ती चिकटून फिरत राहते.

पण पाचातले दोन काचेचे नव्हतेच. ट्यूब बदलली, हवा भरली, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पुन्हा बसलेला. बोटं फिरवून काही लागेना. शेवटी कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचा एक तंतू अडकला. टायर तिथे उलटा वाकवला तेव्हा दिसली ती तार, केसाएवढी, जेमतेम चार मिलिमीटर. ट्रकचे रेडियल टायर फाटतात, त्यांच्या पोटातल्या या तारा, आणि ट्रकांची आमच्या तालुक्याला काय कमी? नेलकटरने पकडून ओढली. तेव्हापासून टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असा बसवतो. ट्यूबला भोक कुठे आहे ते कळलं की टायरमध्ये कुठे शोधायचं तेही कळतं.

हे सगळं मी सहन केलं असतं. चोर्ल्याच्या घाटात मात्र हद्द झाली.

ऑगस्टमधला रविवार, केरीहून वर चढत होतो, धुकं इतकं की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसायचा. एका वळणावर फुटलेल्या डांबराची धारदार कड लागली आणि फट् आवाज झाला. मागच्या टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, दीड सेंटिमीटर फाटली होती. आतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावत होती. खिशातली दहाची नोट चार पदरी घडी करून आत लावली, नवी ट्यूब घातली, हवा अर्धीच भरली. दोन किलोमीटर गेलो आणि परत बसला. तेवढ्यात बेळगावहून भाजी घेऊन उतरणारा टेम्पो थांबला. "चाक गेलं काय ओ? घाला की वर." कोबीच्या पोत्यांवर सायकल आडवी घातली. ड्रायव्हरने टायर दोन बोटांत धरून चुरगाळून बघितला. "ह्यो टायर हाय की पापड?"

मग मी तेच केलं जे सगळे करतात, दुसऱ्या टोकाला गेलो. दुकानातला सर्वांत दणकट टायर आणला. तारेचा बीड (रिममध्ये अडकणारी कड), जाड रबर, एकेक नग चारशे ग्रॅमच्या पुढे. तीन महिन्यांत एकही पंक्चर नाही. पण सायकल चिखलातून ओढल्यासारखी वाटायची, आणि नार्व्याच्या फेरीबोटीच्या रॅम्पवर, दिवाडी बेटावर जायला म्हणून चढताना, पुढचं चाक साबणावरून गेल्यासारखं निघून गेलं. रॅम्प लोखंडी, ओला, चूक माझीही होती, उतरून ढकलायला हवं होतं. पण जे रबर झिजू नये म्हणून कडक केलेलं असतं ते ओल्यात पकड सोडतं, हे मला कोपर सोलून कळलं. आडवे नक्षीकाम बघून मी तो घेतला होता, तेही उगाच. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, पाण्यावर तरंगत नाही. डांबरावर पकड रबराच्या मिश्रणातून येते, खाचांमधून नाही.

यानंतर मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी 68 किलो, सायकल 9, पाणी-सामान 3, एकूण 80. दोन्ही टायर मिळून 120 ग्रॅम जड घेतले तर 0.15 टक्के वाढतात. घाट चढायला मला 50 मिनिटं लागतात, म्हणजे फरक साडेचार सेकंदांचा! एक पंक्चर काढायला पावसात पंधरा मिनिटं जातात. हा हिशेब मी आधी का केला नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वजनाचा बागुलबुवा गेल्यावर टायरकडे नीट बघता आलं. टीपीआय म्हणजे एका इंचात किती धागे. धागे जास्त आणि बारीक, तर टायर मऊ, खड्ड्यावर लवचीक, पळायला हलका. पण आकड्यावर भाळू नये. कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री 5000वर 330 लिहिलेलं असतं, ते 110चे तीन थर मिळून. खरा प्रश्न दुसराच: रबराच्या खाली पंक्चर अडवणारी पट्टी आहे का, आणि ती फक्त मधेच आहे की बाजूलाही काही संरक्षण आहे? माझा टायर मधे नाही, बाजूला फाटला होता.

शेवटी दोन वेगवेगळे घेतले. पुढे ग्रां प्री 5000, 28 एमएम, सुमारे 240 ग्रॅम. मागे त्याच कंपनीचा ग्रां प्री 4 सीझन, तोही 28, सुमारे 280 ग्रॅम. त्याला मधे व्हेक्ट्रान या चिवट धाग्याची पट्टी आहे आणि बाजूंवर ड्युरास्किन नावाची संरक्षक जाळी. मागच्या चाकावर माझं जास्त वजन पडतं, झिजतं तेच आणि पंक्चरही बहुतेक तिथेच होतो. पुढच्या चाकाला पकड हवी, कारण मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं तर कोपर. दुकानदार म्हणाला, "जोडी घेतात रे सगळे." म्हटलं, चप्पल घेतोय का मी?

28 बसतील का ही धाकधूक होती. जुना ब्रेक, जागा कमी. चार एमएमची ॲलन की टायर आणि ब्रेकच्या मधून फिरवून बघितली, घासली नाही. मडगार्ड मात्र बसणार नाही, पाठीवर चिखलाची रेघ आता कायमची.

हवा पुढे 72, मागे 78. पहिल्या दिवशी वाटलं टायर बसलाय, दोनदा उतरून दाबून बघितला. ट्यूब साध्या ब्यूटिल रबराच्याच ठेवल्या, शंभरेक ग्रॅमच्या. टीपीयू या पातळ प्लास्टिकची ट्यूब 40 ग्रॅमच्या आसपास असते, मोह होतो. पण घाट उतरताना रिम ब्रेकने रिम तापतं आणि त्या उष्णतेत तिच्यावर माझा भरवसा नाही. ती सीटखालच्या पिशवीत असते, जास्तीची म्हणून. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी घडी.

एक पूर्ण पावसाळा झाला. एक पंक्चर, मागचा, पुन्हा तीच ट्रकची तार. रविवारी घरी आल्यावर दोन्ही टायर फिरवून बघतो, काप दिसला तर सुईने खडा काढतो. तो आत राहिला की फिरता फिरता खोल जातो.

फाटलेला टायर परवा टाकायला काढला तर आत ती दहाची नोट, धाग्यांची जाळी उमटलेली, रबराच्या वासाची. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, आला तेव्हा पावांच्या पैशांत तीच दिली. त्याने एकदा नोटेकडे पाहिलं, एकदा माझ्या सायकलच्या टायरकडे, आणि आपल्या जाडजूड टायरांच्या सायकलवर टोपली सांभाळत भोंगा वाजवत पुढच्या दाराकडे गेला.