शोध लागला, पुढे काय?

पेपर छापून येतो, पीएचडी मिळते आणि चांगला शोध लॅबमध्येच पडून राहतो, हे बघून खरंच जीव तुटतो. म्हणून आपल्या शोधातून कंपनी काढू पाहणाऱ्या संशोधकांसाठीच्या युनिव्हर्सिट्यांच्या स्टार्टअप फेलोशिप मला फार मोलाच्या वाटतात. त्यात मिळतं काय, तर पगार, लॅब वापरायची परवानगी आणि धंदा कळणारा मेंटॉर. त्यात पगार सगळ्यात महत्त्वाचा, घरभाडं डोक्यावर असताना प्रोटोटाइप कोण बनवत बसणार?

अमेरिकेत १९८० च्या बाय-डोल कायद्यामुळे सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क युनिव्हर्सिटीला स्वतःकडे ठेवता यायला लागले, पण पेटंट असणं वेगळं आणि गिऱ्हाईक असणं वेगळं. तिथल्याच एनएसएफचा (संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) २०११ पासूनचा आय-कॉर्प्स हा संशोधकांसाठीचा ट्रेनिंग प्रोग्रॅम मला म्हणूनच आवडतो, ७ आठवड्यांत टीमने १०० च्या आसपास लोकांशी बोलायचं, विकायचं काहीच नाही, फक्त विचारायचं की हे काम आत्ता तुम्ही कसं करता आणि कुठे अडतं. सेन्सर बनवणाऱ्याला तेव्हा कळतं की अचूकता आहे तेवढी पुरे, लोक वैतागलेत ते सारखं सारखं कॅलिब्रेशन करून!

आणि अशा फेलोशिपला अर्ज करणार असाल तर पेपर किंवा पोस्टर बाहेर पडायच्या आधी टेक ट्रान्सफर ऑफिस (युनिव्हर्सिटीत पेटंटचं काम बघणारं ऑफिस) गाठा, बऱ्याच देशांत एकदा जाहीर केलं की पेटंट हातचं जातं.